नवी डबी, जुनी डबी आणि तात्या

सोमवारी सकाळी तुम्ही पाटावर गेलात, पाण्याचं दार उघडलंत आणि तिथेच बसलात. उठला नाहीत. निरोप मला इंदापूरला शाळेत मिळाला. मी तास सोडला, स्टँडवर आलो आणि बारामतीच्या गाडीत बसलो. मी पोचलो तेव्हा लोक परतत होते.

तात्या, या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. दहाव्याला कऱ्हेच्या काठी तुमच्यावर चार माणसं बोलली. एकाने तुमचा ऊस सांगितला, एकाने सोसायटी, एकाने तुम्ही खोदलेल्या विहिरी. मलाही आग्रह झाला. मास्तर आहेत, बोलतील, असं कुणीतरी म्हणालं. मी हात जोडले. मला जे बोलायचं होतं ते ग्रामोफोनच्या डबीबद्दल होतं, आणि दहाव्याला नदीकाठी उभं राहून डबीबद्दल बोलणं लोकांना विचित्र वाटलं असतं. म्हणून घरी बसून लिहितो आहे. मी हळू लिहितो हे तुम्हाला ठाऊक आहे. "मास्तर, तुमचं पत्र यीस्तवर उसाला तुरा येतोय," असं तुम्हीच म्हणायचा.

डबी म्हणजे साउंडबॉक्स. ग्रामोफोनच्या वाकड्या नळीच्या टोकाला बसते ती, खिशातल्या घड्याळाएवढी गोल वस्तू. तिला सुई लावतात. आत अभ्रकाची पातळ चकती असते आणि ती चकती कडेने दोन रबरी कड्यांमध्ये धरलेली असते. सुई हलली की चकती हलते आणि आवाज निघतो. बाकीचं एवढं मोठं यंत्र केवळ तिच्यासाठी उभं असतं. या वस्तूवरून आपण आठ वर्षं भांडलो. नवी घ्यावी की दुरुस्त केलेली जुनी? एवढाच प्रश्न होता. तुमच्याइतकं नेटाने माझ्याशी दुसरं कुणी भांडलेलं नाही, अगदी घरातलंही नाही.

आपली ओळखच बोली लावताना झाली. कालव्याच्या बंगल्यातला साहेब विलायतेला निघाला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. मी पुस्तकांसाठी गेलो होतो, तुम्ही पाण्याच्या पंपासाठी. पुस्तकं वाळवीने खाल्लेली निघाली आणि पंप आधीच कुणीतरी नेला होता. राहिला होता तो ग्रामोफोन. कपाटासारखा उभा, लालसर लाकडाचा, दारं उघडली की आतून आवाज येणारा. मी बोली वाढवली. पटका बांधलेल्या एका माणसाने ती आणखी वाढवली. असं चार-पाच वेळा झाल्यावर तो माणूस उठून माझ्याजवळ येऊन बसला.

"मास्तर दिसता."

"हो. इंदापूरला असतो."

"मी वाढवतो, तुमी वाढवता. त्यो कारकून बगा कसा खुशीत हाय. आसं करू, भागीत घ्यू."

"ग्रामोफोन भागीत कसा घेणार?"

"आवो, इहीर भागीत आस्ती, बैल भागीत आस्तो. ह्यो तर चाराबी खात न्हाय."

आणि विहिरीच्या पाण्यासारखीच तुम्ही यंत्राची पाळी लावलीत. दिवाळीच्या पाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत यंत्र इंदापूरला माझ्याकडे, कारण तेव्हा तुमचं गुऱ्हाळ चालू. गुढीपाडव्यापासून दिवाळीपर्यंत तुमच्या वस्तीवर. माझ्या वाट्याला पाच महिने येतात आणि तुमच्या वाट्याला सात, हे मी बोटांवर मोजून दाखवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "पाळीत थोडं पाणी झिरपायचंच, मास्तर." पाळीचे नियमही पाण्याचेच होते. ज्याची पाळी त्याचा शब्द. दुसऱ्याने सल्ला एकदा द्यायचा, दोनदा नाही. आणि आपल्या पाळीत कुणी कुठल्या सरीला पाणी दिलं हे विचारायचंही नाही आणि सांगायचंही नाही. मला हे नियम तेव्हा गमतीचे वाटले. तुमची सगळी जमीन त्यांच्यावर उभी होती, त्यामुळे तुम्हाला ते गमतीचे वाटत नव्हते.

वर्षातून दोनदा यंत्र उसाच्या पाचटात गुंडाळून बैलगाडीत चढायचं. निमगावच्या पानमळ्यांपाशी गाडीचा मुक्काम व्हायचा. सारा रस्ता तुम्ही गाडीत बसायचा नाहीत, शेजारून चालायचा. "माझं वजन आन् त्येचं वजन. चाक खड्ड्यात गेलं तर दोष कुनाला द्यायचा?" असं म्हणायचा.

माझ्याकडे तेव्हा अकरा रेकॉर्ड होत्या. त्यांतल्या दहा कुठेही मिळाल्या असत्या. अकरावी ताईची होती.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे मला तिनेच वाढवलं. आम्ही नरसिंहपूरचे. ताई देवळात पदं म्हणायची, आणि एकदा दर्शनाला आलेल्या कुणा रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने ती ऐकली. वडिलांनी आधी नाही म्हटलं, मग देवाला कौल लावला, मग बरोबर गेले. पुण्यात एका खोलीत उभं करून ताईकडून दोन पदं म्हणवून घेतली. रेकॉर्ड निघाली, पण खपली नाही. कंपनीने ती पुन्हा काढली नाही. दोन वर्षांनी ताई तापाने गेली. तिचा फोटो कुणी काढला नव्हता. तिचं जे काही उरलं ते त्या एका तबकडीवर, दोन बाजू मिळून सहा-सात मिनिटं.

आणि तबकडी प्रत्येक वेळी थोडी झिजते. चांगल्या डबीने नखभर, वाईट डबीने हातभर. ताई मला किती दिवस ऐकू येणार हे डबीवर ठरणार होतं. आपल्या भांडणात खरं पणाला लागलं होतं ते एवढंच.

ती तबकडी तुम्ही पहिल्यांदा ऐकलीत तुमच्या ओसरीवर. गाणं चालू असताना तुम्हाला गप्प बसलेलं मी तेव्हा प्रथम पाहिलं. नाहीतर कोणतीही रेकॉर्ड लावली की बाईने हा स्वर कुठून आणला, तबलजी झोपलाय का, तुमचं चालूच असायचं. पद संपल्यावर तुम्ही विचारलंत, "कोण वो ही?"

"माझी थोरली बहीण."

"हाय?"

"नाही."

तुम्ही पाटाकडे बघितलंत. मग म्हणालात, "मंग ह्या बाईला जपली पायजे." आणि वहिनींना हाक मारून यंत्र उन्हाच्या बाजूने आत सरकवायला लावलंत.

साहेबाच्या डबीतल्या अभ्रकाला चीर गेली ती दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी. आवाजात भुंगा शिरला. ताईची रेकॉर्ड मी त्याच दिवशी कापडात बांधून ठेवली. दिवाळी झाली होती, पाळी माझी सुरू झाली होती. बारामतीच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात आपण बसलो आणि तुम्ही कोपरीच्या खिशातून रुमालात बांधलेली एक डबी काढून चहाच्या बशीशेजारी ठेवलीत. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणली होतीत. कुणाच्या तरी मोडक्या यंत्रातली, एका कारागिराने दुरुस्त केलेली.

"म्हातारी हाय," तुम्ही म्हणालात, "पर दात हायती."

मी माझी पुस्तिका काढली. यंत्राबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका होती ती, मी तिची पानं पुठ्ठ्यात शिवली होती. "यात स्पष्ट लिहिलं आहे, तात्या. अस्सल आणि नवेच भाग वापरावेत."

"कुनी लिवलंय?"

"कंपनीने."

"आन् डब्या कोन इकतं?"

"कंपनीच."

"मंग लिवनारच की वो! मी माझ्या गुळाच्या ढेपंवर काय लिवीन? दुसऱ्याचा खावा?"

शेजारच्या बाकावरचे दोघे हसले. मला राग आला. मी म्हणालो, वापरलेल्या वस्तूचं काय सांगावं, कुणी कशी वापरली, किती वेळा आपटली. नवी वस्तू आपल्या हातात येते तेव्हा तिच्यात दुसऱ्याची चूक नसते.

"नव्याची तरी काय खात्री?" तुम्ही म्हणालात. "नवा खोंड घेतला तर वरीसभर कळत न्हाय लाथ कवा मारनार. जुन्या बैलाची खोड साऱ्या गावाला ठावी आस्ती. त्यो कुटं बसतो, कशाला बुजतो, समदं. आन् ही डबी ज्यानं नीट केली त्यानं आत काय हाय ते डोळ्यानं बगितलंय. तुमच्या नव्या डबीच्या आत कुनी बगितलंय?"

"कंपनीने."

"लांब ऱ्हाती वो कंपनी."

मी ऐकलं नाही. पाळी माझी होती. तुम्ही डबी परत रुमालात बांधलीत आणि चहा संपवलात.

मुंबईहून नवी डबी पोस्टाने आली तेव्हा मी हात धुऊन पार्सल उघडलं. वर छापील चिठ्ठी, आत मेणकागद, त्यात ती डबी. चेहरा दिसावा अशी चकचकीत. लावली. आवाज मोठा आला, टोकदार आला. मला तो स्पष्ट वाटला. खरं लिहायचं तर वाटला नाही, मी तसं वाटवून घेतलं. महिनाभर वाट पाहून मागवलेल्या वस्तूचा आवाज कानाला टोचतो असं कबूल करायला जे धैर्य लागतं ते माझ्याजवळ नव्हतं. शिवाय बारामतीच्या हॉटेलातले ते दोघे हसले होते.

संक्रांतीला तुम्ही गुळाची ढेप घेऊन इंदापूरला आलात. दोन रेकॉर्ड ऐकल्यात. तिसरी मी ताईची लावायला घेतली तेव्हा म्हणालात, "आज नगं." मी लावलीच. संपल्यावर तुम्ही वाकून तबकडीवरून बोट फिरवलंत. बोटाला राखेसारखं काही लागलं. ते तुम्ही धोतराला पुसलंत.

"मोठा हाय आवाज."

"स्पष्ट आहे."

"व्हय. मोठा हाय." मग म्हणालात, "मास्तर, येकडाव सांगतो. ताईची रेकॉर्ड ह्या डबीवर कमी वाजवा."

"नवी आहे, तात्या. वापरली की मोकळी होईल."

सल्ला एकदाच द्यायचा होता. तो तुम्ही दिला होतात. काठी घेऊन तुम्ही स्टँडकडे निघालात, आणि मी तुम्हाला पोचवायलाही आलो नाही.

पुढचं लिहायला मला चार दिवस लागले. डबी मोकळी व्हावी म्हणून मी ती रोज वाजवली. आणि रोज वाजवली ती ताईची रेकॉर्ड, कारण माझ्याजवळ त्याहून चांगली रेकॉर्ड नव्हती आणि मला तुम्हाला खोटं पाडायचं होतं. संक्रांतीपासून पाडव्यापर्यंत.

पाडव्याला गाडी आली, यंत्र पाचटात शिरलं आणि तुमच्याबरोबर गेलं. त्याबरोबर माझ्या रेकॉर्डही गेल्या, ही आपली नेहमीची रीत. मे महिन्यात शाळा सुटल्यावर मी वस्तीवर आलो. तुम्ही ताईची रेकॉर्ड लावलीत आणि मी थक्क झालो. आवाजातलं टोक गेलं होतं. ताई जणू शेजारच्या खोलीतून मला जेवायला बोलावते आहे असा तो आवाज होता. मी उठून उभा राहिलो.

"बघा!" मी म्हणालो. "मी सांगत नव्हतो? नवी वस्तू वापराने मोकळी होते. पहिल्या दिवशी तिची परीक्षा करायची नसते."

"व्हय की," तुम्ही म्हणालात. "नव्याला येळ द्यावा लागतो. लगीन झाल्यावर आमच्या हिलाबी दिला हुता."

"कुनी कुनाला दिला ते सांगू का भावजींना?" आतून वहिनी म्हणाल्या, आणि मग तोंडाला पदर लावून बराच वेळ खोकत राहिल्या. वहिनींना उन्हाळ्यात खोकला होतो अशी मी तेव्हा मनाशी नोंद केली.

तुम्ही त्या दिवशी माझं सगळं मान्य केलंत, ते मला पुढे फार महागात पडलं. मी शिक्षकांच्या खोलीत या विषयावर बोलायला लागलो. शाळेच्या हस्तलिखित अंकात लेख लिहिला. त्यात एक वाक्य होतं: "धीर धरणाऱ्यालाच नवी वस्तू आपलं अंतरंग उघडून दाखवते." तो लेख तुम्ही माझ्याकडून दोनदा वाचून घेतलात. पाहुणे आले तेव्हा तिसऱ्यांदा. आणि ते वाक्य पाठ करून बारामतीच्या बाजारात भेटेल त्याला ऐकवत सुटलात. "अंतरंग उघडून, बरं का. आमच्या मास्तरांचं हाय." मी संकोचलो होतो, पण मनातून सुखावलो होतो.

एक मात्र मला तुमचं कधी आवडलं नाही. ताईची दुसरी बाजू त्या उन्हाळ्यापासून मी तुमच्या ओसरीसाठीच राखली होती, इंदापूरला पहिलीच लावायचो. दुसरीच्या शेवटाकडे ताई एक वरचा स्वर घेते. नेमकं तिथे तुम्ही खाकरायचा. एकदा नाही, दरवेळी. कधी खाकरणं, कधी मोठ्याने "पानी आन गं." मी एकदा चिडून म्हणालो, "तात्या, सहा मिनिटं गप्प बसता येत नाही का? ऐकण्याला काही शिस्त असते."

"काय करू मास्तर, गुऱ्हाळाचा धूर लई खाल्लाय."

मग गेल्या वर्षी तुमच्या वस्तीपर्यंत विजेचे खांब आले आणि आपल्या भांडणाने कूस बदलली. तुम्हाला आता विजेवर चालणारं नवंकोरं यंत्र हवं होतं. चावी द्यायला नको, हलकी सुई, लांब चालणाऱ्या रेकॉर्ड. आणि मी म्हणत होतो, आहे हे काय वाईट आहे?

"मास्तर, आता तुमी जुनं धरलं व्हय?"

"चांगलं चाललेलं बदलू नये."

"ह्ये माझं वाक्य हाय. चोरलं तुमी."

श्रावणात आपण तिथवर आलो होतो. उरलेलं दिवाळीला बोलू, असं तुम्ही म्हणालात. माझे तीन मुद्दे तयार आहेत, तात्या. ते मी कुणाला सांगू?

तेराव्याला जेवणं झाली, माणसं पांगली आणि वहिनींनी मला ओसरीवर बोलावलं. "भावजी, जरा बसा. येक सांगायचं ऱ्हायलंय." त्यांच्या हातात तुमची चंची होती. मला वाटलं, तंबाखू. त्यांनी चंचीच्या आतल्या कप्प्यातून एक बारीक पेचकस काढला आणि काळ्या रबराची, काडीएवढ्या जाडीची नळी. सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती. मग यंत्राच्या वाकड्या नळीवरून डबी उतरवून मांडीवर घेतली, तीन पेच सोडवले आणि झाकण काढलं. शेंगा सोलाव्यात इतक्या सहज.

"ह्यांनी तुमच्या नव्या डबीला हात लावला हुता."

"कधी?"

"पयल्याच पाडव्याला. गाडी आली, आन् हात-पाय धुयाच्या आदी डबी खोलली. आतलं रबर बगितलं आन् हसाया लागलं. म्हनलं, मास्तरची नवी नवरी म्हातारी निगाली. नख मारलं तर टवका उडाला, बगा. दगुड झाला हुता त्येचा."

मग मला उलगडा झाला. चावीचे ग्रामोफोन आता फारसे कुणी बनवत नाही. माझी अस्सल, नवी, मेणकागदातली डबी महायुद्धाच्या आधीपासून कुठल्या तरी गोदामात पडून असणार. कुणी न वापरताच ती आतून म्हातारी झाली होती. दगड झालेल्या रबरात चकती जखडली होती, आणि ती हलत नाही म्हणून सुई तबकडी खरवडत होती. तुमच्या बोटाला लागलेली ती राख ताईची होती.

"मंग बारामतीला गेले," वहिनी सांगत होत्या, "आन् सायकलवाल्याकडनं नवं रबर आनलं. मी म्हनलं, तुमी तर जुन्याचे, घरात पंक्चरची ट्यूब पडलीय ती कापा. तर माज्यावर वराडले. रबराला जुनं चालत न्हाय म्हनं. तवापसनं दर पाडव्याला नवं रबर."

"आणि बसवायचे तात्या?"

"ह्यांची बोटं उसाच्या कांड्यावानी. त्या फटीत जात्यात व्हय? मीच बशिवते. आठ वर्सं मीच बशिवतीय."

त्या खोकल्याचा अर्थ मला त्या वेळी लागला. मी विचारलं, "पुण्याची ती जुनी डबी लावायची होती सरळ. तुमच्या पाळीत कोण अडवणार होतं?"

"ती लावली आसती तर तुमाला दिसली आसती. तुमची नवी तोंडावर पडली आसती. ती आपली हाय फडताळात."

"पण मला सांगायचं तरी."

"पाळी त्यांची हुती. पाळीत काय केलं ते सांगायचं नस्तं म्हनं. आन् दुसरं. म्हनायचे, मास्तर बहिनीपायी आदीच हळवा. आपल्याच हातानं रेकॉर्ड खरवडली आसं कळलं तर पुन्यांदा म्हनून लावायचा न्हाय. फडक्यात बांदून ठिवंल. मंग ती बाई आसून नसल्यावानी. वाजवू दे त्येला."

तुम्ही मला नीट ओळखलं होतंत. मी तेच केलं असतं.

"मग आज का सांगता, वहिनी?"

"आवो, माजी बी नजर चाल्ली. फुडं रबर कोन बदलनार? तुमाला शिकाया नगं?"

झाकण बसवून त्यांनी चावी दिली आणि ताईची दुसरी बाजू लावली. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. शेवटाकडे ताईने वरचा स्वर घेतला. कुणी खाकरलं नाही. आणि त्या स्वरात मला खरखर ऐकू आली, वाळूतून पाय ओढत चालावं तशी. एवढीशी, दोन फेऱ्यांची. बरोबर त्याच जागी, तात्या. आठ वर्षं तुम्ही त्या जागेवर पहारा दिलात आणि मी तुम्हाला ऐकण्याची शिस्त शिकवत होतो.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं हसू. आधी मला, मग वहिनींना. तेराव्याच्या दिवशी ओसरीवरून हसण्याचा आवाज येतो म्हणून तुमची धाकटी सून बाहेर डोकावून गेली. वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "त्ये अंतरंग उघडून का काय म्हनायचं तुमचं, त्ये म्हनून दाखवत मी तिकडं पेच पिळीत हुते आन् ह्ये हिकडं लोळत हुते."

थोडा राग आहे, तो लिहून ठेवतो. एकदा तरी सांगायला हवं होतंत. मी आठवडाभर रुसलो असतो, मग नक्की आलो असतो, आणि मग जे भांडण झालं असतं ते आपल्या सगळ्या भांडणांत उत्तम झालं असतं. नवी की जुनी, याचा निकाल मी एकटा कसा लावू? माझी नवी डबी आतून जुनी निघाली. जुन्याचे कैवारी तुम्ही, रबर मात्र दरवर्षी नवंकोरं आणत होतात, आणि ते बसवत होतं तिसरंच माणूस. तुम्ही असता तर यातूनही आपलंच कसं खरं ते चहा संपायच्या आत पटवून दिलं असतंत. मीही दिलं असतं. हस्तलिखितातला लेख मी काढून घ्यायचा विचार केला, मग राहू दिला. तो तुम्हाला आवडत होता.

आभार मानायचे राहिले. पण तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही बैलांना पाणी पाजायला उठायचा, म्हणून तो इथेही लिहीत नाही.

परवाच्या रविवारी वहिनींनी मला पहिला धडा दिला. मी कापलेला पहिला तुकडा आखूड झाला.

"भावजी, तुमच्या शाळंत पट्टी नस्ती का?"

दुसरा लांब झाला आणि झाकणाबाहेर आला. "ह्यो नाकाच्या बाहीर मिशीवानी दिसतोय," त्या म्हणाल्या. तिसरा बसला. बोटांना तेल लागलं होतं, ते मी तुमच्यासारखं धोतराला पुसलं आणि वहिनींनी त्याबद्दल मला झापलं. दिवाळीला यंत्र इंदापूरला पाठवू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पाठवा, पण गुढीपाडव्याला परत न्यायला गाडी धाडा.

सध्या ग्रामोफोन तुमच्या ओसरीवर आहे. ताईची रेकॉर्ड वाजते आणि एका जागी खरखरते. रबर बदलायला आता दोन माणसांना येतं. तुम्ही आणलेली नळी वीतभर उरली आहे.